नव्या टायरचे केस

नव्या टायरला केस असतात, हे मला कळलं तेव्हा मी तिशीला टेकले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं बोट धरून टायरच्या माथ्यावरून फिरवलं. रबराचे बारीक, टोकदार केस बोटाला टोचले. साच्यातून टायर निघतो तेव्हा ते राहतात आणि गाडी थोडी पळाली की झडून जातात.

"हे हायती तवर टायर कुवारा," आबा म्हणाले.

मी सासर कायमचं सोडून येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कुवारा, लग्नाचा असल्या शब्दांनी माझं डोकं तडकायचं. मी बोट काढून घेतलं आणि म्हणाले, टायरला तरी सोडा. आबा हसले नाहीत. टायरच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. वीस वर्षं त्यांनी मालाच्या लॉऱ्या हाकल्या, लडाखच्या बर्फात, राजस्थानच्या वाळूत, आसामच्या चिखलात. पेन्शनीत निघाल्यावर आलेल्या पैशातून त्यांनी एक जुनी जीप घेतली. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, माळावरचं. आई आधीच गेलेली. मी गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि आबा जीप भाड्यानं चालवायचे. वडाप मात्र त्यांनी कधी केलं नाही. टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, एका जीपमध्ये पंधरा-वीस जण कोंबून म्हसवड-दहिवडी पळणाऱ्या पोरांकडे ते तोंड फिरवायचे. आबांची गाडी लग्नाला, मिरजेच्या दवाखान्याला, महाबळेश्वरच्या सहलीला जायची. सहा माणसं, सातवं घेणार नाहीत. फौजेतल्या ड्रायव्हरलाही आमच्याकडे मेजरच म्हणतात; लोक म्हणायचे, मेजर लय ताठ हाय. होतेच.

त्यांचं टायरचं शास्त्र ठरलेलं होतं. टायर गाडीला घ्यायचा नसतो, रस्त्याला घ्यायचा असतो, असं ते म्हणत. आमच्या माण तालुक्याचा रस्ता म्हणजे तापलेलं डांबर, खडी आणि येड्या बाभळीचे काटे. तिथं जाड, कडक टायर लागतो, मग तो कितीका उडवेना. जावळी-महाबळेश्वरकडे आठ महिने ठीक, पण पावसाळ्यात घाटात पाण्याचा पडदा असतो. तिथं कडक टायर घसरतो, मऊ रबराचा आणि बारीक चिरांचा पाहिजे. आणि सांगलीकडं उसाचा हंगाम लागला की ट्रॉल्या शेतातली काळी माती रस्त्यावर आणून टाकतात. तिच्यावर दव पडलं तरी गाडी साबणावर ठेवल्यासारखी जाते. तिथं खोल खाचांचा टायर. म्हणजे एकाच जीपला तीन मुलखांसाठी तीन टायर हवे होते, आणि घेता यायची एकच जोडी. मग पुढचे चार महिने गाडी जास्त कुठं फिरणार याचा आबा आठवडाभर विचार करायचे. लग्नासाठी माझं स्थळ बघताना त्यांनी एवढा विचार केला नव्हता, हे मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलंही होतं. मला नंतर वाईट वाटलं, पण शब्द परत घेता आला नाही.

टायर घ्यायला आम्ही सांगलीला जायचो. दुकानदार आबांच्याच वयाचा, पोट सुटलेला, बोलायला मऊ. तो आधी खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा आणि मग एकच विचारायचा, "मेजर, औंदा गाडी कुटं चालनार?" त्या प्रश्नानं आबा खुलायचे. पुढचा तासभर दोघं म्हातारे टायर उलटेपालटे करत बसायचे. मी दारात मासिक वाचत.

दुकानात एका कोपऱ्यात कटिंगचे टायर असायचे. गुळगुळीत झालेल्या टायरला गरम सुरीनं पुन्हा खाचा पाडतात, त्याला कटिंग म्हणतात. शेतातल्या ट्रॉलीला, बैलगाडीला ते चालतात. काही लोक गाडीलाही घालतात आणि मरतात. आबा दुकानाची पायरी चढतानाच सांगायचे, त्या ढिगातले चार कटिंगचे, वरचा रबर चढवलेला, खालचा एकच असली. दुकानदार मला डोळा घालून म्हणायचा, "बघा बाई, तुमच्या आबांम्होरं आमची लबाडी चालत न्हाई." लबाडी तो करत नव्हताच. पण आबांना बरं वाटायचं.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी आबा दाराच्या चौकटीला धडकू लागले. नेहमी डाव्या खांद्यानं. पाण्याची कळशी पायानं उडाली, ओट्यावरची बरणी कोपरानं पडली. मी चिडायचे. नीट बघून चाला की, म्हणायचे. पेपर ते चष्मा न लावता वाचत होते, सुईत दोरा ओवत होते, मग हे काय सोंग, असं मला खरंच वाटायचं.

मग एका दिवशी म्हणाले, "डोळ्यात मोतीबिंदू धरलाय जणू. कडंकडंनं धुरकट दिसतंय."

"मग दाखवू या."

"आत्ता कशाला? पिकू दे की."

आमच्याकडे मोतीबिंदू पिकतो. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. कच्चा काढला तर डोळा बिघडतो, पुरता पिकला की मिरजेला जायचं, हिरवी पट्टी बांधून यायचं, महिनाभरात माणूस पुन्हा तांदूळ निवडायला बसतं. माझ्या आजीचा असाच पिकवून काढला होता. मी शिकलेली, मुलांना विज्ञान शिकवणारी बाई. पण मीही म्हटलं, ठीक आहे, पिकू दे. आम्ही दोघांनी मिळून तो दोन वर्षं पिकवला.

त्या दोन वर्षांत गाडी चालूच होती. एकदा तासगावच्या अलीकडे, सकाळची वेळ, मी शेजारी बसले होते. डावीकडून गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्त्यावर आली. मला ती चांगली वीस पावलांवरून दिसली. आबा तसेच निघाले होते, वेग कमी नाही, हॉर्न नाही. मी ओरडले आणि स्टेअरिंगला हात घातला. गाडी उजवीकडे गेली, भाऱ्याचं गवत आरशाला घासलं. बाई शिव्या देत उभी राहिली. तिला काही झालं नव्हतं.

आबांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पुढचे टायर बघितले. जणू दोष टायरांचा होता. मग म्हणाले, "फौजेत शेजारी को-ड्रायव्हर असतो. डावी बाजू त्याची. त्यानं बोलायचं, म्होरच्यानं ऐकायचं. आजपास्नं तू."

मला त्याच वेळी म्हणायला हवं होतं की आबा, चावी द्या. मी म्हटलं नाही. गाडी थांबली की हे म्हातारं घरात बसणार, दिवसभर, माझ्यासमोर, आणि घरात आम्ही दोघंच, हे मला नको होतं. खरं कारण हे आहे. त्यांच्या जिवाचा, रस्त्यावरच्या माणसांचा विचार मी नंतर केला.

मग सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावरची भाडी तेवढी ते घेऊ लागले आणि मी डावीकडे बसू लागले. वळण आलं की आबा विचारायचे, "डावी?" मी म्हणायचे, "मोकळी." किंवा, "सायकल." किंवा, "बैलगाडी, थांबा." मागं बसलेल्यांना वाटायचं, बापलेकीचा काही खेळ चाललाय. लोणंदच्या बाजारातून, कांद्याच्या ट्रकांमधून, मी गाडी अशी काढलीय. औंधला यमाईच्या डोंगराखाली जत्रेच्या गर्दीतून काढलीय. घसा कोरडा पडायचा. आबा मात्र खुशीत असायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "चांगली को-ड्रायव्हर हायस तू." माझं एवढं कौतुक त्यांनी मी पहिली आले तेव्हाही केलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला महाबळेश्वरची दोन भाडी ठरली आणि मागचे टायर गेलेले. आम्ही सांगलीला गेलो. आभाळ भरून आलं होतं आणि वीज नव्हती. दुकानात अंधारच होता. दुकानदार चहाचं सांगायला बाहेर गेला. आबा थेट कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले, एक टायर उभा केला आणि त्याच्यावरून हात फिरवू लागले. डोळे समोरच्या भिंतीकडे, बोटं खाचांत. एकेका खाचेत बोट घालून कड चाचपत होते.

"कड कशी धार हाय बघ," ते म्हणाले. "कोरा हाय. ह्योच घिऊ."

मी जवळ गेले. तो कटिंगचा टायर होता. मला टायरमधलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं. खाचा वाकड्यातिकड्या, कुठं खोल कुठं उथळ, आणि दोन ठिकाणी आतले दोरे दिसत होते. नुकत्याच सुरीनं पाडलेल्या खाचेची कड नव्या टायरपेक्षाही धारदार लागते. बोटाला ते कळत नाही. त्याला डोळेच लागतात.

दुकानदार दारात उभा होता. त्यानं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. यावेळी त्यानं डोळा घातला नाही. तो हळूच पुढं आला आणि टायर आबांच्या हातातून काढून घेतला.

"मेजर, ह्यो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हाय. ट्रॉलीवाल्याचा. तुमाला आतला दावतो."

"असं व्हय," आबा म्हणाले. ट्रॉलीवाल्याचा म्हटल्यावर त्यांना काय ते समजलं असणार. त्यांनी हात धोतराला पुसला आणि खुर्चीवर जाऊन बसले. चहा आला तो त्यांनी प्यायला नाही. टायर न घेताच आम्ही निघालो. येताना पूर्ण रस्ता ते एकदाही "डावी?" असं म्हणाले नाहीत. मीच आपली सांगत राहिले, मोकळी, मोकळी, मोकळी.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. औषध घालून त्यांना बाहेर बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. डॉक्टरांनी मला एकटीला आत घेतलं. म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही. हा कडेकडेनं नजर खात येतो, आणि मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर आता येणार नाही. ऑपरेशन करून उरलेली टिकते का बघू.

"दोन वर्षं आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

ते कागदावर लिहीत राहिले. मला ते पुरलं.

बाहेर आले तर आबा डोळे मिटूनच म्हणाले, "काय म्हनला डाक्टर?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ऑपरेशन करायचं म्हणतायत."

"मंजी पिकला," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

ते खोटं मी मोडलं नाही. उद्या सांगू, ऑपरेशन झाल्यावर सांगू, असं करत राहिले. शाळेत पोरांना छडी मारून खरं बोलायला लावणारी मी. बापाशी एक वाक्य बोलायला मला जमलं नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली तसे आबा म्हणाले, आधी टायर घेऊन टाकू, चारी. नजर आल्यावर धावपळ नको. गावातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला गाडी चालवायला लावून आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. आबा मागच्या सीटवर बसले होते. पहिल्यांदाच. दुकानदारानं खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि सवयीनं विचारून बसला, "मेजर, औंदा गाडी कुटं चालनार?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच कळलं. तो माझ्याकडे बघेना.

आठवडाभर करायचा तो विचार आबा तिथंच बसून करत असावेत. मग म्हणाले, "समदीकडं."

"असा टायर नसतोय मेजर. तुमीच सांगता न्हवं?"

"न्हाई, पर आता बघायचं हाय समदं. घाट बी, सांगली बी. मधल्या मेळाचा दे काय तरी."

दुकानदारानं त्याच्याकडचे सगळ्यात चांगले चार काढले, कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले, वास येणारे. आबांनी चारी टायरांवरून हात फिरवला. केस टोचतात का बघितलं. मी दारात उभी होते आणि हातात मासिकही नव्हतं. मी त्या वेळी नुसतं "नको" म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुकानदार माझ्या त्या शब्दाची वाट बघत होता, मला दिसत होतं.

ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी बांधली, पट्टी सुटली. आबांनी खिडकीकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं. "अजून सूज हाय," ते म्हणाले. महिन्यानं म्हणाले, पावसाळा गेल्यावर फरक पडेल. पावसाळ्यानंतर त्यांनी पेपर सोडला. दिवाळीपर्यंत उरलेलं मधलंही गेलं.

जीप लिंबाखाली उभी होती; नवे टायर आबांनी गाडीत मागं टाकून आणवले होते आणि घरी आल्यावर इथंच चढवायला लावले होते, त्यानंतर ती कुठं गेली नव्हती. एकाच जागी उभी राहिली तर टायर तळाला बसतो, चपटा होतो, म्हणून दर रविवारी मी आबांच्या हुकमाखाली इंजिन चालू करायचे आणि गाडी हातभर पुढं, हातभर मागं घ्यायचे. क्लच, पहिला गिअर, मागचा गिअर, तेवढंच मला यायचं. आबा बाजूला उभे राहून आवाज ऐकायचे. आणि रोज सकाळी चूळ भरली की ते गाडीला फेरी मारायचे. बॉनेटला हात लावून पुढं सरकायचे, वाकून टायरच्या माथ्यावरून बोटं फिरवायचे. एकेक केस चिमटीत धरून बघायचे. एका टायरला पाच-सात मिनिटं, असे चारी. शाळेत जाताना मी रोज बघायचे. कधी आबा म्हणायचे, "हायती अजून केस." मी म्हणायचे, असणारच. कधी विचारायचे, "कवा यायची गं नजर?" मी म्हणायचे, येईल. दीड वर्ष आम्ही दोघं हेच बोललो.

एका मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते. बाहेरून हाक आली. मी गेले तर आबा पुढच्या डाव्या टायरपाशी उकिडवे बसले होते.

"ह्याला केस न्हाईत," ते म्हणाले. "एक बी न्हाई."

मी वाकून बघितलं. हात पोचतो तेवढा टायरचा भाग स्वच्छ होता. खाली, जिथं हात पोचत नव्हता, तिथं केस तसेच ताठ उभे होते. रोज चिमटीत धरून धरून त्यांनीच ते उपटले होते.

"गाडी कुनी काढली व्हती?" त्यांच्या आवाजात राग होता. किती दिवसांनी मी तो ऐकत होते.

तुमच्याच बोटांनी गेले, हे मला सांगता येईना. गाडी कुठंच गेली नाही, जाणारही नाही, हे तर अजिबात सांगता येईना. ते दर सोमवारी संध्याकाळी शेजाऱ्याबरोबर सिद्धनाथाच्या देवळात जायचे, तेवढे दोन-तीन तास घरी नसायचे. मी म्हणाले, "मी काढली होती. काल. तुम्ही देवळात होता तेव्हा."

"तू?"

"हो."

"कुटं नेली?"

"दहिवडीच्या रस्त्याला."

"खडी हाय तिथं. उडते का?"

"थोडी."

ते टायरवर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता रागावतील. किंवा खूश होतील. मी दोन्हीला तयार होते.

"डावीकडं कोन बसलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मंग डावी कुनी बघितली?"

"मीच."

"दोनी बाजू तुला दिसत्यात," आबा म्हणाले. प्रश्न नव्हता तो. गाडीला धरून उठले, आत गेले आणि चावी खुंटीवरून काढून माझ्या डब्याशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीकडे गेले नाहीत. त्यानंतर कधीच गेले नाहीत आणि नजर कधी यायची हे विचारायचंही त्यांनी सोडून दिलं. घरात बसून असायचे, दिवसभर, माझ्यासमोर. रविवारी मी इंजिन चालू केलं तरी बाहेर यायचे नाहीत. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. आजही येत नाही.